चौरस फुटाला चार आणे

मकबूल फिदा हुसेन ह्या चित्रकाराबद्दल दोनच तऱ्हेनं बोललं जातं. एक तर 'हिंदुस्थानचा पिकासो' म्हणून आरती ओवाळायची, नाही तर देवीदेवतांची विटंबना करणारा म्हणून शिव्या घालायच्या. ओवाळणारे पांढरपेशे आणि शिव्या घालायला शिकवणारेही पांढरपेशेच. दगड उचलायला तेवढी बहुजनांची पोरं, नेहमीसारखी. ह्या दोन्ही दिंड्यांत आपण नाही. पण आपल्याला काय त्याचं, असं म्हणून चालणार नाही. ह्या माणसाच्या मागं जे लागले तेच त्याच्या आधी आपल्या मागं लागले होते. म्हणून त्याचा हिशेब आपणही एकदा मांडला पाहिजे. जमेचा आणि नावेचा, दोन्ही.

हुसेनचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ चा, पंढरपूरचा. १७ सप्टेंबर म्हटलं की आम्हा मराठवाड्यातल्यांना झेंडावंदन आठवतं. १९४८ साली त्या दिवशी निजाम नमला आणि आमची माकणी हिंदुस्थानात आली. तो निव्वळ योगायोग, त्यात अर्थ हुडकू नये. अर्थ आहे तो पंढरपुरात. चोखोबाला देवळाच्या आत येऊ दिलं नाही आणि मेल्यावर त्याची समाधीही बाहेरच राहिली. देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना तिथं अन्नपाणी सोडून बसावं लागलं. अशा गावात हा सुलेमानी बोहऱ्याचा पोरगा जन्मला. म्हणजे विठोबाच्या दारात तो आणि आपण एकाच बाजूचे, बाहेरच्या.

पोर दीड वर्षाचं असताना आई गेली. तिचा एक फोटोही मागं राहिला नाही. पुढं आयुष्यभर हुसेननं बाया रंगवल्या, कितीतरी नऊवारीतल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ बायांना चेहरा नाही. मदर तेरेसाची चित्रं काढली तीही निळ्या काठाचं पांढरं लुगडं आणि आत काळोख. आईचा चेहरा आठवत नाही, असं तो सांगायचा. समीक्षकांनी त्यावर लांबलांब लेख पाडलेत. मला वाटतं ह्यात कोडं असं काही नाही. ज्यांच्या घरात फोटो काढायची ऐपत नव्हती अशा आपल्यातल्या कुणालाही हे न सांगता कळतं.

आजा कंदील-दिवे दुरुस्त करणारा. हुसेनच्या चित्रांत कंदील आणि छत्री पुन्हापुन्हा येतात त्या ह्या आज्याच्या. बाप इंदूरला कापडगिरणीत हिशेबाच्या कामाला लागला. गिरणीचं नाव निघालं म्हणून एक सांगून ठेवतो. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत मुसलमान विणकर चालायचा, मराठा चालायचा, महार-चांभार नाही. धोट्यातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे आणि आपल्या तोंडाचा धागा दुसऱ्याला विटाळायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. म्हणून हुसेनला 'गरिबीतून वर आलेला' म्हणताना गरिबीच्याही पायऱ्या असतात हे विसरू नये. तो खालच्या पायरीवर होता. आपण पायरीच्या खाली.

इंदूरला कलाशाळेच्या संध्याकाळच्या वर्गात थोडं शिक्षण झालं आणि विशीत पोरगा मुंबईला आला. इथून पुढची दहाबारा वर्षं माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची, आणि आर्ट गॅलरीवाले ती दोन ओळींत उरकतात. ग्रँट रोडच्या बाजूला तो सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. परांचीवर चढून चाळीस-चाळीस फुटांचे बोर्ड. मजुरी चौरस फुटाला चार ते सहा आणे. नटीचा गाल दहा फुटांचा असला तर गालाचे पैसे जास्त, नाक लहान म्हणून नाकाचे कमी. तुम्ही मीटरवर, नगावर, पीसरेटवर काम केलं असेल तर हा हिशेब तुम्हाला समजेल. हात थांबला की मजुरी थांबली.

ही मजुरी त्याच्या हातात कायमची बसली. एवढ्या मोठ्या बोर्डावर खाडाखोड चालत नाही. एकदा रेघ ओढली की ओढली, लांबून दिसली पाहिजे, आणि सिनेमा लागायच्या आत पुरी झाली पाहिजे. पुढं त्याचे घोडे जगभर नावाजले. त्या घोड्यांच्या मानेची एका फटक्यात ओढलेली रेघ बघा. ती पॅरिसहून आलेली नाही. ती पोस्टरवाल्या पेंटरची रेघ आहे. आपल्याकडं समाजमंदिराच्या भिंतीवर जयंतीच्या आदल्या रात्री, बल्बच्या उजेडात, चौकोन पाडून बाबासाहेबांचा कोट आणि चष्मा रंगवणारे पेंटर असतात, त्यांच्या हाताची ती सख्खी बहीण. पण त्या पेंटरांना कुणी कलावंत म्हणत नाही. ते बोर्डाचे पैसे घेतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आर्ट्स' लिहून जातात.

१९४१ ला लग्न झालं. मग पोरांच्या खेळण्यांची, लहान मुलांच्या फर्निचरची डिझाइनं करून घर चालवलं. १९४७ ला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि सूझानं त्याला आपल्या टोळीत ओढलं. हीच ती प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. गोव्याचा सूझा, रझा, अमरावतीकडचा गाडे, शिल्पकार बाकरे, हुसेन आणि आरा.

ह्या आराबद्दल चार ओळी लिहितोच, कारण त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. कृष्णाजी हौळाजी आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे आपल्यासारखाच निजामाच्या मुलखातला. बाप ड्रायव्हर. आई लहानपणी गेली, पोर मुंबईला पळून आलं, साहेबांच्या घरी घरगडी झालं, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. मोटारी धुता धुता चित्रं काढायला लागला आणि फुलं, भांडी, नागव्या बायका असं मन लावून रंगवलं की गोऱ्या समीक्षकांना त्याची दखल घ्यावी लागली. १९८५ साली तो मेला. हुसेनएवढं नाव नाही, आराएवढी उपेक्षा नाही, आणि दोघंही एकाच फळीतले. कलेच्या बाजारात कुणाचा भाव चढतो आणि कुणाचा नाही, ह्याचा एखाद्यानं नीट अभ्यास करावा.

तर हुसेनचा भाव चढला. १९५५ ला त्याच्या 'जमीन' ह्या चित्राला ललित कला अकादमीचं पारितोषिक. १९६७ ला त्यानं काढलेल्या छोट्या सिनेमाला बर्लिनला सोन्याचं अस्वल. पद्मश्री, पद्मभूषण, पुढं पद्मविभूषण. मधे एक गोष्ट घडली, ती शिव्या देणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. राममनोहर लोहियांनी त्याला सुनावलं की टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यात किती दिवस टांगून घेणार, ह्या देशाचं रामायण रंगव. लोहिया १९६७ ला गेले. हुसेननं हैद्राबादला बद्रीविशाल पित्तींकडं राहून बरीच वर्षं रामायण रंगवलं, सुमारे १५० चित्रं, आणि एक पैसा घेतला नाही. ती चित्रं बैलगाडीत घालून हैद्राबादच्या आसपासच्या खेड्यांत नेली. खेड्यातल्या लोकांनी बघितली, ओळखली, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. भावना दुखायला पुढं तीस वर्षं जावी लागली आणि छापखाना लागला.

आता नावेची बाजू.

हुसेन अनवाणी फिरायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. गजानन माधव मुक्तिबोध, घरचा मराठी पण हिंदीत लिहिणारा मोठा कवी, १९६४ ला दिल्लीत वारला. त्याच्या अंत्ययात्रेपासून हुसेननं पायताण सोडलं असं सांगतात. मुंबईच्या एका बड्या क्लबातून त्याला ह्या अनवाणीपणापायी बाहेर काढलं तेव्हा पेपरात गाजावाजा झाला. कवीसाठी पायताण सोडणारा चित्रकार मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण आपल्या आज्या-पणज्याला गढीवरून, मारुतीच्या देवळावरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं, तेव्हा कुठला पेपर आला नव्हता. हुसेनचं अनवाणीपण त्यानं निवडलेलं होतं. आपलं लादलेलं. दोघांच्या तळपायाला काटा सारखाच टोचतो, तरी ह्या दोन अनवाणींत फरक आहे आणि तो फरक हुसेनच्या चित्रात मला कुठं दिसला नाही.

दुसरं, आणीबाणी. २५ जून १९७५ नंतर पेपरांची मुस्कटदाबी झाली, माणसं तुरुंगात गेली, गिरणी कामगाराचा कमीत कमी बोनस ८.३३ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला गेला. त्या दिवसांत हुसेननं इंदिराबाईंना दुर्गेच्या रूपात रंगवलं. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला नटी मोठी करून दाखवायची सवय असते, पण हा बोर्ड त्यानं मजुरीसाठी रंगवला नव्हता. हे सांगताना आपल्याही घरातलं झाकून ठेवायचं नाही. पँथर नामदेव ढसाळांची 'प्रियदर्शिनी' १९७६ चीच. म्हणजे सत्तेच्या ओट्यावर बसायला नुसता हुसेन गेला नव्हता. १९८६ ला हुसेनला राज्यसभेवर नेमलं. सहा वर्षं तो तिथं बसला आणि बोलायच्या ऐवजी रेघोट्या मारत राहिला. तो स्वतःच तसं मजेनं सांगायचा.

त्याच सहा वर्षांत महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. १९८७ ला सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम', आणि परिशिष्टात राम-कृष्णाचं कोडं. १९८८ च्या जानेवारीत अमरावतीला खंडाची होळी केली. शिवसेना रस्त्यावर उतरली. भावना दुखावल्या, परिशिष्ट काढा. सरकार घाबरलं आणि काढायला तयार झालं. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला आपली माणसं मुंबईत लाखांनी उतरली. गाठोड्यात भाकरी बांधून, रेल्वेच्या डब्यांत दाटीनं उभी राहून आली. त्या गर्दीपुढं सरकारला मागं सरकावं लागलं, आणि परिशिष्ट राहिलं, फक्त खाली टीप आली की ह्या मतांशी सरकार सहमत असेलच असं नाही. चित्रकार, साहित्यिक, नाटकवाले ह्यांतले किती त्या दिवशी आपल्याबरोबर चालले? आविष्कार-स्वातंत्र्य हा शब्द गॅलरीत जन्मतो आणि गॅलरीतच मरतो, असं आपल्या लोकांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं.

पण जे शस्त्र रिडल्सवर परजलं तेच हुसेनवर चाललं. सप्टेंबर १९९६ मध्ये भोपाळच्या 'विचार मीमांसा' मासिकानं त्याची जुनी रेखाटनं छापली. वीस वर्षांपूर्वीची सरस्वती, अंगावर वस्त्र नाही. वीस वर्षं कुणाची झोप मोडली नव्हती. महाराष्ट्रात तेव्हा युतीचं राज्य. सरकारच पोलिसांकडं गेलं, ऑक्टोबरात गुन्हा दाखल झाला, आणि त्याच महिन्यात अहमदाबादच्या गॅलरीत घुसून बजरंग दलानं त्याची चित्रं फाडली, जाळली. १ मे १९९८, महाराष्ट्र दिनी, मुंबईत त्याच्या घरावर हल्ला झाला. ह्या दोहोंच्या मधे ११ जुलै १९९७ येतो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक जाब विचारायला रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसं मारली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला. आता तुम्हीच बघा. कागदावरच्या रेघेनं ज्यांच्या भावना दुखतात त्यांच्यासाठी सरकार फिर्याद लिहून देतं. आपल्या भावना दुखल्या तर सरकार काडतूस देतं.

बरं, नागवेपणाचं म्हणाल तर आमच्या माकणीवरून तेरणा वाहते. तिच्याच काठावर वर तेर आहे. तेरच्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू निघाल्या, त्या तिथल्या लामतुरे संग्रहालयात ठेवल्यात. त्यांत लज्जागौरी आहे. बिनमुंडक्याची, पाय फाकवून बसलेली, अंगावर चिंधी नसलेली देवी. रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. कुंभारानं केली, बायाबापड्यांनी पुजली, लेकरं मागितली. हुसेनच्या सरस्वतीपेक्षा ती कितीतरी उघडी. तिच्यावर कुणी गुन्हा दाखल करीत नाही.

आणि जित्या बायांचं काय? कर्नाटकात शिमोग्याकडं चंद्रगुत्ती आहे. तिथं रेणुकांबेला नागव्यानं नदीतून डोंगरावर जायचा नवस असायचा आणि त्यात बाया बहुतेक दलितांच्या. मार्च १९८६ मध्ये दलित संघर्ष समितीचे कार्यकर्ते हे थांबवायला गेले तर भक्तांनी त्यांनाच झोडपलं, पोलिसांनाही सोडलं नाही. देवाच्या नावानं खरी बाई नागवी झाली तर धर्म टिकतो. कागदावर देवी नागवी झाली तर धर्म बुडतो.

२००६ साली हेच पुन्हा घडलं. हुसेनच्या एका चित्रात नागव्या बाईचा देह हिंदुस्थानच्या नकाशासारखा झालेला. त्यानं त्याला नाव दिलेलं नव्हतं. काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी लिलाव होता, त्याच्या जाहिरातीत 'भारतमाता' असं नाव पडलं. (भूकंप म्हणजे काय हे आमच्या लोहारा तालुक्याला कुणी सांगायला नको, १९९३ चं सास्तूर आम्ही विसरलो नाही.) देशभर ओरड झाली, खटले पडले, मुंडकं आणणाऱ्याला इनाम जाहीर झालं. हुसेननं माफी मागितली, चित्र मागं घेतलं आणि नव्वदीत देश सोडला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या मायलेकीला आणि दोन पोरांना गावानं ठार मारून कालव्यात टाकलं. भारतमातेच्या चित्रासाठी ज्यांचं रक्त उसळलं त्यांतले किती जण भारतातल्या ह्या मातेसाठी रस्त्यावर आले? आपलेच लोक आले. त्यांच्यावर लाठ्या पडल्या आणि त्यांना नक्षलवादी म्हटलं गेलं.

कोर्टानं हुसेनला न्याय दिला, हेही नोंदवलं पाहिजे. ८ मे २००८ ला दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल ह्यांनी खटले रद्द केले. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि नव्वदीचा चित्रकार आपल्या घरी बसून चित्रं काढत असायला हवा, असा त्या निकालाचा भाव होता. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानंही विरुद्ध बाजूला दाद दिली नाही. पण निकालानं दगड थांबत नाहीत. हुसेन परत आला नाही. २०१० ला त्यानं कतारचं नागरिकत्व घेतलं आणि हिंदुस्थानचा पासपोर्ट परत केला.

इथं मला त्याचा रागही येतो. शेखाच्या राज्यात चित्रकाराला महाल मिळतो, पण राजाविरुद्ध एक रेघ ओढता येत नाही. २००४ ला 'मीनाक्षी' सिनेमातल्या एका गाण्यावर मौलवींनी हरकत घेतली तर त्यानं सिनेमाच थेटरातून काढून घेतला. म्हणजे दोन्ही धर्मांचे ठेकेदार त्याच्या छातीवर बसले आणि तो दोन्हींपुढं वाकला. आपल्या लोकांनी १९८८ ला मान वाकवली नाही. फरक एवढाच की आपल्याबरोबर लाखांची गर्दी होती, त्याच्याबरोबर गिऱ्हाइकं. गिऱ्हाईक मोर्चाला येत नाही. ९ जून २०११ ला तो लंडनच्या दवाखान्यात मेला आणि तिथल्याच ब्रूकवुडच्या कबरस्तानात गाडला गेला. पंढरपूरची माती मिळाली नाही.

माझं म्हणणं ह्यावरून स्पष्ट व्हावं. हुसेन आपला नव्हता. त्यानं आपल्यासाठी काही रंगवलं नाही, आपल्यासाठी तो काही बोलला नाही. तरी त्याची चित्रं जाळणाऱ्या हातांना आपण हात लावायचा नाही, कारण ते हात आपण अमरावतीच्या होळीत बघितलेत. त्याच्या हक्काच्या बाजूनं उभं राहायचं आणि उभं राहूनच त्याच्या चित्राशी भांडायचं. चित्राशी भांडण चित्रानं, कवितेनं, लेखानं. काडेपेटीनं नाही.

आणि भांडायला जागा भरपूर आहे. १९५४ चं त्याचं 'ग्रामयात्रा' हे चित्र घ्या. चौदा फूट लांब, तेरा तुकडे. बाया रांधताहेत, लेकरं सांभाळताहेत, बैलगाडी चाललीय, शेतकरी उभा आहे. एका परदेशी डॉक्टरानं ते विकत घेतलं आणि ओस्लोच्या इस्पितळाला दिलं. तिथं ते वर्षानुवर्षं भिंतीवर होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला, सुमारे ११८ कोटी रुपयांना. एवढी किंमत तोवर कुठल्या आधुनिक हिंदी चित्राला आली नव्हती. मी त्याचे फोटो निरखून बघितले. रंग मातीचे आहेत, बायांची अंगं कष्टाची आहेत, त्यात खोट नाही. पण तेरा तुकड्यांत कुठंही गावकूस नाही. पाणवठा एक की दोन, ते कळत नाही. मेलेलं ढोर ओढणारा नाही, येसकराची काठी नाही, उरलंसुरलं मागायला पाटलाच्या वाड्यामागं उभी असलेली बाई नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं म्हटलं, त्याला तेव्हा सहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. हुसेननं ते खेडं बघितलं नाही. त्यानं नेहरूंच्या काळातलं, नव्या देशाला दाखवायला बरं दिसेल असं खेडं बघितलं.

जून २०२५ मध्ये मुंबईत त्याची पंचवीस चित्रं लिलावाला निघाली तेव्हा धमक्या आल्या आणि दाराबाहेर पोलीस उभे करावे लागले. मेल्याला चौदा वर्षं झाली होती. आत बोली कोटींत चालली होती. 'ग्रामयात्रा'चं चौदावं चित्र, गावकुसाबाहेरचं, अजून कुणी रंगवलेलं नाही. त्याला ओस्लो-न्यूयॉर्क लागत नाही. आपल्या जयंतीचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांपैकी कुणी हे वाचत असेल तर समाजमंदिराची मागची भिंत मोकळी आहे. रंगाचे पैसे आपण वर्गणीतून काढू.